गाढवासाठी बसायचं खोगीर: आधी वजन, मग पाठ, शेवटी खोगीर

ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात खास गाढवासाठी बनवलेलं खोगीर शोधायला निघालात तर हाती लागेल ते घोड्याचं किंवा तट्टाचं. एखाद्या तबेल्यातून निघालेलं जुनं, माथेरानच्या तट्टांवर असतं तसलं, नाहीतर कानपूरहून मागवलेलं कोरं. यातलं कुठलंही गाढवाच्या पाठीवर ठेवलं तर वरवर बसल्यासारखं दिसतं. तंग, म्हणजे पोटाखालून बांधायचा पट्टा, आवळला की हलतही नाही. दहा मिनिटं चालवलं की मात्र ते पुढे सरकायला लागतं. मग तंग आणखी आवळतात, खाली आणखी एक घोंगडी घालतात, आणि पंधरवड्यात खांद्यावरचे केस जाऊन चट्टा पडतो. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: सुरुवात खोगिराच्या खरेदीपासून झालेली असते. ती वजनकाट्यापासून व्हायला हवी.

बसणार कोण, आणि कशावर

ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी केंद्र सरकारने १९६५ साली केलेल्या क्रूरता-प्रतिबंधक नियमांत गाढवाच्या पाठीवरच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५० किलो ठरवलेली आहे. तट्टाला ती ७० किलो आहे. ५० हा आकडा वरचा आहे, प्रत्येक गाढवाला झेपेलच असा नाही. आपल्याकडचं गावठी गाढव खांद्यापाशी ९० ते १०० सेंटिमीटर उंच असतं. काठेवाडी जरा मोठं निघतं. सोपा आणि सुरक्षित हिशेब असा: जनावराच्या वजनाचा पाचवा हिस्सा, आणि त्यात खोगीर, तंग, रिकिबी (पाय ठेवायच्या कड्या), खालचा नमदा (जाड लोकरी आसन) सगळं धरायचं.

१३० किलोच्या गाढवाला २६ किलो झेपतात. त्यातले साधारण ५ किलो सामानाचे गेले की उरले २१, म्हणजे सहा-सात वर्षांचं मूल. २०० किलोचं दांडगं काठेवाडी असलं तरी बसणाऱ्याच्या वाट्याला ३५ किलोच येतात. थोडक्यात, इथल्या बहुतेक गाढवांवर मोठ्या माणसाने बसूच नये, आणि कितीही चांगलं खोगीर आणलं तरी या उत्तरात फरक पडत नाही.

वजन करायला ट्रकचा काटा उपयोगाचा नाही. तो टनांच्या हिशेबाचा असतो, शे-दीडशे किलोंवर त्याचा भरवसा धरता येत नाही. भंगाराच्या गोदामात जमिनीवर ठेवलेला ५०० किलो किंवा १ टनाचा प्लॅटफॉर्म काटा असतो, त्यावर गाढव चारही पायांनी उभं राहू शकतं. काट्यावर गोणपाट अंथरा. नुसत्या गुळगुळीत पत्र्यावर ते पाय ठेवायचं नाही. घोड्यांसाठी छातीभोवती गुंडाळायची वजनाची फीत मिळते, ती गाढवावर चुकीचा आकडा देते. तिच्यावर विसंबू नका.

वय चार वर्षं पूर्ण हवं. जेजुरीच्या पौष पौर्णिमेच्या बाजारात किंवा मढीच्या यात्रेत दुवान (दोन दाती), चौवान (चार दाती), अखंड (सगळे दात आलेलं) अशी दातांवरून वयाची भाषा चालते. बसण्यासाठी अखंड जनावरच घ्यावं. वाळू-विटा वाहिलेलं गाढव असेल तर पाठ बारकाईने बघा. पाठीवर किंवा बरगड्यांवर पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर तिथे जुन्या ओझ्याने कातडी दबली होती असं समजा. उघडी जखम, खपली किंवा दाबल्यावर दचकणारी जागा असेल, तर ती भरून वर केस येईपर्यंत खोगीर चढवायचं नाही. मऊ गादीखाली जखम झाकून काम चालवणं सर्रास दिसतं. त्याने जखम खोल जाते.

घोड्याचं खोगीर का बसत नाही

घोड्याला मानेच्या मागे ठसठशीत उंचवटा असतो, खोगीर त्याच्या मागे अडकून राहतं. गाढवाला तो जवळजवळ नसतोच. पाठही सपाट असते, घोड्यासारखी मधे खोलगट नसते. पोट पिंपासारखं गोल किंवा खाली रुंद होत गेलेलं. शिवाय पाठ आखूड: बहुतेक गाढवांना कमरेचे मणके ५ असतात, घोड्याला सहसा ६. आणि तंग नैसर्गिकपणे जिथे स्थिरावतो ती जागा पुढच्या कोपराच्या अगदी जवळ असते.

या सगळ्या गोष्टींचे परिणाम एकमेकांत मिसळतात. तट्टाच्या खोगिराच्या गाद्या मधे बाक दिलेल्या असतात. सपाट पाठीवर त्या फक्त मधोमध टेकतात आणि खोगीर पुढे-मागे डोलतं. तंगाचे पट्टे मागे असल्याने तंग पोटाच्या फुगीर भागावर बांधला जातो, चालताना पुढे घसरून कोपरामागच्या आपल्या जागी येतो आणि खोगिराला खांद्यावर ओढून घेतो. थांबवायला उंचवटा नसतो. आवळून हे सुटत नाही, कारण दोष तंगाच्या ढिलाईत नसून त्याच्या जागेत आहे.

लठ्ठ गाढवात आणखी एक अडचण येते. मानेवर आणि पाठीच्या दोन्ही बाजूंना चरबीचे घट्ट गोळे बसतात, ते वजन उतरलं तरी पूर्ण जात नाहीत. त्यामुळे एका बाजूला गोळा मोठा असला तर खोगीर कायम दुसरीकडे झुकतं.

पाठीचा ठसा

हे काम वेळ काढून करा. दोघं जण लागतात: एक तोंडाशी, एक मापाला. जमीन सपाट हवी. सोसायटीच्या पार्किंगचा उतार किंवा कडेला झुकलेला रस्ता चालणार नाही. खूर नीट कापलेले, चारही पायांवर सारखं वजन, मान नेहमीच्या उंचीला. खाण्यासाठी डोकं खाली गेलं की पाठीचा आकार बदलतो, म्हणून वैरण बाजूला ठेवा. अंग कोरडं असू द्या.

आधी जागा ठरवायची. खांद्याच्या चपट्या हाडाची मागची कड बोटांनी चाचपा. मग सोबतच्या माणसाला त्या बाजूचा पुढचा पाय हळू उचलून पुढे ओढायला सांगा. हाडाचा वरचा भाग मागे सरकलेला हाताला कळेल. तो जिथवर मागे येतो त्याच्या दोन बोटं मागे खडूने खूण करा. ही खोगिराच्या भाराची पुढची हद्द. आता शेवटची बरगडी शोधा: पोटाच्या बाजूने मागून पुढे हात फिरवला की तिची कड लागते. ती तिरकी वर जाते, तिच्या मागावर कण्यापर्यंत जा आणि तिथे खूण करा. ही मागची हद्द. त्यामागे कंबर आहे, तिला खालून बरगड्यांचा आधार नाही, म्हणून तिथे भार द्यायचा नाही. दोन खुणांमधलं अंतर मोजून लिहा. गाद्यांची लांबी यापेक्षा कमीच हवी. अंतर ३८ सेंटिमीटर आलं तर ४० ची गादी 'थोडीच जास्त आहे' म्हणून चालवून घेऊ नका.

बऱ्याच गाढवांच्या पाठीवर काळी रेघ आणि खांद्यावर तिला छेदणारी आडवी पट्टी असते. रेघ मधली ओळ म्हणून चांगली उपयोगी पडते. आडव्या पट्टीवर मात्र खांद्याची हद्द ठरवू नका, हाताने चाचपलेलंच खरं.

आकार घ्यायला आर्किटेक्चरचे विद्यार्थी वापरतात ती वाकवता येणारी लवचीक पट्टी ६० सेंटिमीटरची घ्या. ती नसेल तर अर्थिंगसाठी वापरतात ती ८ गेजची उघडी तांब्याची तार चालते. लोखंडी तार घेऊ नका, ती हात सोडताच उसळते. तार कण्यावर मधोमध ठेवून दोन्ही बाजूंना अंगालगत दाबायची, केस चपटे होतील इतपतच. असे आडवे तीन ठसे: पुढच्या हद्दीवर, पाठीच्या मध्यावर, मागच्या हद्दीवर. चौथा उभा: कण्यापासून ८ सेंटिमीटर बाजूला, पुढच्या खुणेपासून मागच्या खुणेपर्यंत. हा चौथा ठसा बहुतेक जण घेत नाहीत, आणि गाढवात तोच सगळ्यात महत्त्वाचा, कारण पाठ किती सपाट आहे ते त्यातूनच कळतं.

तार न हलवता जाड पुठ्ठ्यावर ठेवून आतल्या कडेने रेघ मारा. वाशीच्या फळबाजारातली आंब्याची खोकी यासाठी उत्तम. त्यावर डावं-उजवं, पुढचं-मागचं आणि तारीख लिहा. पुठ्ठा कापून पुन्हा त्याच जागी पाठीवर टेकवून पाहा. कुठे फट दिसली तर ठसा परत घ्या. उजवं-डावं १ सेंटिमीटरहून जास्त वेगळं असेल तर आधी पशुवैद्याला दाखवा. लंगडणं किंवा जुनं दुखणं तसं दिसू शकतं.

कानपूरच्या कारागिराला गाढव दाखवता येत नाही, पण हे चार पुठ्ठे कुरिअरने जातात. ते स्वतःबरोबर घेऊन जुन्या खोगिरांच्या ढिगातूनही निवड करता येते. बसणाऱ्याचं वजन आणि जनावराच्या छातीचा घेरही लिहून पाठवा.

खोगीर हातात घेतल्यावर

पहिल्यांदा सांगाडा तपासायचा. पुढची कमान पोटाशी धरा, मागची कड दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढा. बैठकीवर आडवी घडी पडली किंवा करकर आवाज आला तर सांगाडा मोडका आहे. पुढच्या कमानीचे दोन पाय आत दाबून पाहा, ते हलता कामा नयेत. आपल्या खाडीकाठच्या हवेत जुन्या खोगिराच्या खिळ्यांना आणि लोखंडी कमानीला गंज लागलेला असतो, म्हणून कातडं उचलून आत बघा. मोडका सांगाडा दुरुस्त करून घेण्यापेक्षा सोडून द्या.

मग उलटं करा. दोन गाद्यांमधली नाळी पुढून मागपर्यंत किमान तीन बोटं, म्हणजे ५ ते ६ सेंटिमीटर रुंद हवी, आणि मागे निमुळती होत जाता कामा नये. उभा ठसा गादीवर टेकवा. दोन्ही टोकांना फट दिसली तर खोगीर डोलेल, आणि अशी खोगिरंच जास्त सापडतात. मधे फट आणि टोकांना टेकतंय असं झालं तर भार चार कोपऱ्यांत जाईल. हे म्हाताऱ्या, पाठ खचलेल्या गाढवात होतं. पुढचा आडवा ठसा कमानीखाली धरा. कमानीचा कोन आणि पुठ्ठ्याचा कोन समांतर असायला हवा. अरुंद कमान वरच्या बाजूने कापते, फार रुंद असली तर पुढून खाली बसून कण्यावर येते.

तंगाचे पट्टे कुठे लटकतात ते बघा. एक पट्टा कमानीच्या टोकाखालून सरळ खाली यायला हवा, दुसरा त्याच्या मागे. दोन्ही मागेच असतील तर पुढे एक पट्टा शिवून घेता येतो, पण तो सांगाड्याला जोडलेला हवा, नुसत्या कातड्याला नाही. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात किंवा गाड्यांची सीट शिवणाऱ्यांकडे जाड शिलाईची यंत्रं असतात. पट्टे, तंग, गादीचं कव्हर ते नीट करून देतात. गादीत भरायला लोकर सांगा. घामाने कापसाच्या गाठी होतात, काथ्या टोचतो, आणि सोफ्याचा फोम भाराखाली चपटा होऊन सांगाडा पाठीला लागतो. सांगाड्याच्या कामाला मात्र यांपैकी कोणालाही हात लावू देऊ नका.

सांगाडा नसलेली मऊ खोगिरं हलकी आणि गोल पाठीवर बसतीलशी दिसतात. लहान मुलाला अर्ध्या तासासाठी चालतील, तेही कण्यावर मोकळी नाळी राहील असा नमदा खाली असेल तर. रिकिबीवर जोर देऊन उभं राहणाऱ्याचा सगळा भार त्यात एका पट्टीत उतरतो.

पाठीवर ठेवून पाहणं

पहिली चाचणी उघड्या पाठीवर, खाली काहीही न घालता. खोगीर जागेच्या थोडं पुढे ठेवून मागे सरकवा, म्हणजे केस उलटे होत नाहीत. ते थांबेल तिथे राहू द्या. तंग न बांधता एक हात पुढे, एक मागे ठेवून आळीपाळीने दाबा. डोललं तर पुढच्या चाचण्या करायची गरज नाही. बाजूने पाहिल्यावर बैठकीचा सगळ्यात खोल भाग मधोमध आणि आडवा हवा. तिथे गोल पेन्सिल ठेवली तर ती पुढे किंवा मागे घरंगळू नये. समोरून पाहिल्यावर कमान आणि पाठ यांत तीन बोटं जागा हवी, बसल्यावर दोन उरली पाहिजेत. मागून पाहिल्यावर नाळीतून आरपार उजेड दिसला पाहिजे. मग तळवा वर करून गादीखालून हात पुढून मागे फिरवा, दाब सगळीकडे सारखा लागला पाहिजे. खांद्यापाशी हात अडकला तर सोबतच्या माणसाला तो पाय पुढे ओढायला सांगा; बोटं चिमटली गेली तर हाडही तसंच चिमटणार.

आतापर्यंत जमलं असेल तर एक घरगुती पण बोलकी चाचणी आहे. घट्ट मळलेली कणीक प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये १ सेंटिमीटर जाड लाटा, दोन्ही गाद्यांखाली एकेक पट्टी ठेवा, तंग बांधा, मुलाला पाच मिनिटं स्थिर बसवा आणि अलगद काढा. जिथे कणीक पारदर्शक होईपर्यंत दबली तिथे भार जास्त. जिथे मूळ जाडी राहिली तिथे खोगीर टेकतच नाही. (कणीक गाढवाच्या तोंडापासून लांब ठेवा, नाहीतर चाचणी अर्धवट राहील.)

खाली घालायला एकच नमदा पुरतो, लोकरीचा, १२ ते १५ मिलिमीटर जाड. घातल्यावर त्याचा मधला भाग नाळीत वर ओढून घ्या, नाहीतर तो कण्यावर ताणला जातो. अरुंद खोगिराखाली दोन नमदे घातले की ते आणखी अरुंद होतं. थोड्या रुंद खोगिराला नमदा वाढवून सावरता येतं, अरुंदाला कुठलाच उपाय नाही.

तंग, दुमची आणि पट्टे

तंग ७ ते १० सेंटिमीटर रुंद हवा. खाटेची सुती नवार दुहेरी शिवून चांगला तंग होतो. नायलॉनच्या बारीक पट्ट्याने कोपरामागची कातडी सोलवटते. तंग कोपराच्या मागे चार बोटं सोडून यावा. एका दमात आवळू नका: आधी नुसता टेकेल इतका, मग दोन्ही बाजूंना एकेक भोक, मग दहा पावलं चालवून पुन्हा. शेवटी दोन बोटं सपाट आत गेली पाहिजेत. बांधल्यावर दोन्ही पुढचे पाय एकेक करून पुढे ओढा, म्हणजे तंगाखालच्या कातडीच्या सुरकुत्या सुटतात. भिजल्यावर नवार ढिली पडते, हे पावसात लक्षात ठेवा.

दुमची म्हणजे खोगिराच्या मागून शेपटीखाली जाणारा पट्टा. गाढवाला ती जवळजवळ नेहमी लागते, पण तिचं काम खोगीर जागेवर ठेवायला मदत करण्याचं आहे, घसरणारं खोगीर ओढून धरण्याचं नाही. शेपटीखालची नळी गोल, मऊ आणि बोटाहून जाड हवी, शिवण आतल्या बाजूला नको. शेपटीचे सगळे केस तिच्यातून बाहेर काढा. पाठ आणि पट्टा यांत सपाट तळहात बसला पाहिजे. पहिल्या वेळी बरीच गाढवं शेपटी दाबून लाथ मारतात. बाजूला उभं राहून बांधा.

उतारावर जायचं असेल तर मांड्यांच्या मागून जाणारा आडवा पट्टा दुमचीपेक्षा चांगला, कारण त्याचा जोर मांसल भागावर येतो. उभं असताना त्यात तळहाताएवढी ढील ठेवा. पट्टा फार वर असला तर शेपटीखाली सरकतो, फार खाली असला तर मागचे पाय अडखळतात. चढासाठी छातीपट्टा असतो, तो श्वासनलिकेवर येता कामा नये.

चढताना रिकिबीवर सगळा भार टाकू नका. गोल पाठीवर खोगीर फिरतंच. मुलाला स्टुलावरून किंवा कट्ट्यावरून बसवा. आणि ते बसेल ते खोगिराच्या मध्यावर. कमरेवर मागे सरकून बसायची जी सवय आपल्याकडे दिसते तिने सगळा भार नेमका आधार नसलेल्या जागी जातो.

चालवून पाहणं

नमद्याखाली धुतलेलं पांढरं मांजरपाट घाला आणि मातीच्या रस्त्यावर १५ मिनिटं चालीने फिरवा. काँक्रीटवर खूर घसरतात. ठाण्याच्या दमट हवेत जास्त वेळ फिरवलं तर सगळं कापडच भिजतं आणि ठसा वाचता येत नाही. दोन्ही गाद्यांचे डाग सारखे आणि मधली नाळीची पट्टी स्वच्छ, असं हवं. ओल्या डागात कोरडं बेट दिसलं तर तिथे एकतर दाब इतका आहे की घाम फुटला नाही, नाहीतर खोगीर टेकतच नाही. कोणतं ते कणकेची पट्टी सांगेल. केस उलटे-पालटे झालेले दिसले तर तिथे खोगीर घासतंय.

सामान काढल्यावर लगेच आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा पाठीवरून बोटं दाबून फिरवा. सूज काही तासांनी येते. गाढव दुखणं लपवतं, लंगडत किंवा ओरडत नाही. जागेवर थिजणं, खोगीर पाहून कान मागे टाकणं, तंग बांधताना पोट ताठ करणं, पाठ खाली दाबणं, आखूड पावलं टाकणं एवढंच दिसतं. 'गाढव अडलं' म्हणून काठी उचलण्याआधी खोगीर उतरवून बघा.

पहिला आठवडा रोज १५-२० मिनिटांपलीकडे जाऊ नका. उन्हाळ्यात त्याच १९६५ च्या नियमांतली वेळ लक्षात ठेवा: तापमान ३७ अंशांवर जाणाऱ्या भागात दुपारी १२ ते ३ जनावराला कामाला लावायचं नाही.

पावसाळ्यात तीन गोष्टी बिघडतात. गाढवाच्या केसांतून पाणी घोड्यापेक्षा लवकर कातडीपर्यंत जातं. ओल्या पाठीवर खोगीर घातलं तर खपल्या धरतात. नमदा चार दिवस वाळत नाही, म्हणून दोन ठेवा आणि आलटून-पालटून वापरा. कातड्याला बुरशी येते. खोगीर भिंतीला टेकवून किंवा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका, आडव्या बांबूवर टांगा आणि कोरड्या फडक्याने पुसत राहा. तंगाच्या शिवणी आणि बकलांचा गंज दर आठवड्याला बघा.

जून ते सप्टेंबर हिरव्या चाऱ्यावर गाढवं भराभर लठ्ठ होतात. दसऱ्याच्या सुमारास चारही पुठ्ठे पुन्हा पाठीला लावून पाहा. फट दिसली तर लोकर कमी-जास्त करून घ्या. पुढच्या कमानीचा कोनच बसत नसेल तर वजन उतरेपर्यंत खोगीर बाजूला ठेवा आणि गाढवाला नुसतं हाताने धरून फिरवा.